परातीतली गढी

भुजंग मास्तरांचा डावा कान पावकीत गेला.

धावड्याच्या मारुतीच्या देवळात तेव्हा गावठी शाळा भरायची. पंतोजी शिकवायला बसले की मांडीवर ओली फोक आडवी ठेवत. सतराची पावकी, म्हणजे सतराचा चौथा हिस्सा, विचारली तेव्हा भुजंग लहान होता, पण उत्तर त्याला येत होतं. फोक पाहिली की आलेलं उत्तर जिभेच्या मागं जाऊन दडायचं, एवढंच. पंतोजींनी त्याचे हात सुतळीनं बांधले, त्याला आढ्याच्या कडीला टांगलं आणि उघड्या पंजानं कानावर एक दिली. आत काहीतरी ओलं फुटलं. टांगलेला असतानाच तो म्हणाला, "सव्वाचार."

"बघा," पंतोजी म्हणाले, "कान उघडला."

पोरं हसली. न हसणाऱ्याचा नंबर पुढचा होता.

कानातून कित्येक दिवस रक्त आणि पू येत राहिला. आईनं, झुंबरबाईनं, कांद्याचा कोमट रस घातला. बाप म्हणाला, "मार लागतोच. बैल तरी माराबिगर नांगराला लागतो का?" त्या घरात बैलालाही नावानं हाक मारत आणि पराणीनं टोचत. दोन्ही एकाच तोंडानं, एकाच हातानं. भुजंग ते बघत मोठा झाला. त्याला वाटे, आकडे हे माणसाला मारण्यासाठीच कुणीतरी शोधून काढले असतील.

पुढं तो जालन्याला उर्दू शाळेत गेला. निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षण उर्दूतून होतं, म्हणून भूमिती त्याला उर्दूत भेटली. त्रिकोण म्हणजे मुसल्लस, कोन म्हणजे जाविया. शिकवायला मौलवी करीमोद्दीन होते, किडकिडे, दम्याचे. पहिल्याच दिवशी त्यांनी भुजंगला फळ्याजवळ बोलावलं. भुजंगनं सवयीनं दोन्ही हात वर केले, टांगून घ्यायला. मौलवींना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी ते हात धरून खाली केले आणि एका हातात खडू दिला.

"हिसाब में डर का खाना नहीं होता, बेटा," ते म्हणाले.

वाक्य साधं होतं, हिशोबात भीतीचा रकाना नसतो. भुजंगनं ते बहिऱ्या कानाच्या बाजूला कुठंतरी ठेवून दिलं, जिथून ते पुन्हा बाहेर पडणार नव्हतं. मास्तर झाल्यावर त्यानं कुठल्या मुलावर हात उगारला नाही. जालन्याच्या मस्तगडातल्या खाजगी मराठी शाळेत तो शिकवायचा तेव्हा पालक तक्रार घेऊन येत की हा मास्तर मारत नाही, मग आमची पोरं शिकणार कशी.

पण शाळेत येणारी मुलं किती, आणि न येणारी माणसं किती. भुजंग मास्तरांच्या डोक्यात आलं की गणित बाजारात न्यावं. कीर्तन जसं पारावर होतं तसं. ते दोर मागायला रतनलालकडं गेले. रतनलालचं मस्तगडात दोर, पोती, ताडपत्र्यांचं दुकान होतं. त्याचे आजे-पणजे मारवाडातून आले होते आणि तो अस्सल जालन्याचं बोलायचा.

"मास्तर, कीर्तनाला माणूस येतो, त्याला पुण्य मिळतं. तमाशाला येतो, त्याला मजा मिळती. तुमच्या त्रिकोनाला येऊन त्याला बिलकुल काय मिळणार?"

"भीती जाईल."

"कशाची?"

"ज्याची असंल त्याची."

"मंग माझ्या दुकानापुढं नका सांगू. गिऱ्हाईकाची भीती गेली तर आम्ही खावं काय?" असं म्हणून रतनलालनं तागाचा लांब दोर मापून दिला, आणि वर एक वेढा जास्त.

चार माणसं जमवायची तर परवानगी लागे. चौकीतल्या अमीनानं, म्हणजे फौजदारानं, विचारलं, "इसमें सियासत तो नहीं?" मास्तर म्हणाले, "मुसल्लस है, साहेब." अमीनाला शाळेतला मुसल्लस आठवला असावा. त्यानं तोंड वाकडं केलं आणि जाऊ दिलं.

पहिली काही भाषणं कोणी ऐकली नाहीत. मंठ्याच्या बाजारात मास्तर जमिनीवर आकृती काढून बोलत राहिले आणि तिच्यावरून शेळ्या गेल्या. गणिताला माणसं मिळाली ती एका गावात, कुऱ्हाडीमुळं. त्या गावाचं नाव लिहीत नाही. मंठ्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर ते आहे, तिथं एक गढी आहे आणि अजून माणसं राहतात.

मास्तर गावात शिरले तेव्हा रामराव आणि पुंजाराम हे सख्खे भाऊ एका बाभळीखाली एकमेकांना तोडत होते. बाभळ रामरावच्या वाटणीत, पलीकडं पुंजारामचं छप्पर. रामरावला बाभळ पाडायची होती. पुंजारामचं म्हणणं, ती माझ्या घरावर येईल. बोलणं संपून कुऱ्हाडी निघाल्या होत्या. पुंजारामच्या खांद्याचं मांस उघडं पडलं होतं आणि रामरावची बायको तुळजाबाई कडेवर पोर घेऊन ओरडत होती. गाव वर्तुळ करून बघत होतं. कोणी मध्ये पडत नव्हतं. मध्ये पडणाऱ्याला दोन्हीकडून लागतं.

मास्तर मध्ये गेले. हातात त्यांची मापाची काठी होती.

"मारायचं ते मंग मारा," ते म्हणाले. "आधी मोजून तर घ्या."

रामराव इतका चकित झाला की कुऱ्हाड वरच राहिली. मास्तरांनी काठी जमिनीत रोवली. काठीची सावली मोजली, बाभळीची सावली मोजली. दोराचं एक टोक त्यांनी तुळजाबाईच्या हातात दिलं, कारण तेवढाच हात तिथं रिकामा होता आणि तेवढाच रागात नव्हता. "काठी सावलीच्या जितकी पट, बाभळबी तिच्या सावलीच्या तितकीच पट. सावली कुणाच्या बाजूची नसती." हिशोब त्यांनी केला नाही. रामरावला करायला लावला, मग पुंजारामला वेगळा. रक्त कोपरावरून गळत असताना पुंजारामनं बोटांवर मोजलं. दोघांचं उत्तर एक आलं. बाभळ छपरापर्यंत पोचत नव्हती.

ती त्याच दुपारी पाडली. शेंडा वळचणीच्या हातभर अलीकडं पडला. धूळ उडाली आणि तिच्यातून पुंजारामच्या हसण्याचा आवाज आला.

"मास्तर, किती हात म्हणल्तं आपण?" नंतर खांद्याला हळद बांधून घेत त्यानं विचारलं.

"आकडा इसरला तरी चालंल," मास्तर म्हणाले. "रीत इसरू नको. आन् कुणाच्या सांगण्यावर जाऊ नको. माझ्याबी न्हाई. सोता मोजून बघ."

हे वाक्य मग त्यांच्या प्रत्येक भाषणाच्या शेवटी येऊ लागलं. गावोगाव ते त्यांच्याआधी पोचायचं. मस्तगडातली पोरं सुटीत गाड्यांत घालून ते त्या गावी आणत. पोरं आणि गावकरी एकत्र बसत. दोर, खुंट्या, काठी. विहीर न उतरता तिची खोली, ओढा न ओलांडता त्याची रुंदी. पुंजाराम सगळ्यांत तरबेज झाला. तुळजाबाईला अक्षर येत नव्हतं, पण एकदा पाहिलेली रीत ती सुनेनं सासूचा टोमणा लक्षात ठेवावा तशी ठेवायची. रामराव पटकीत गेला त्या साली मास्तर तिच्याकडं समाचाराला गेले, तर ती म्हणाली, "आता दोराचं दुसरं टोक कोण धरणार मास्तर?" आणि पदर तोंडात कोंबला.

मोजायला सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे गढी. पांढऱ्या मातीची, वर विटांची. जहागीरदार हैदराबादेत राहायचा. गढीत राहायचा तिचा राखणदार, दौलतखाँ, आणि त्याचं कुटुंब. एका आषाढात पोरं आली आणि आभाळ दाटलेलं. सावलीच नाही. पोरं हिरमुसली. मास्तर म्हणाले, एखादी परात आणा. चिखलात ठेवायला पितळी परात कोणी देईना. तेव्हा दौलतखाँ मोठ्या दरवाजातल्या दिंडीतून आत गेला आणि कल्हईची मोठी परात घेऊन आला, पाण्यासकट.

मास्तरांनी परात गढीपासून लांब ठेवली. मग पाण्यात बघत मागं मागं सरकले, पाण्यात गढीचा माथा दिसेपर्यंत. "भिंत, परात, मी. हे दोन मुसल्लस. एक मोठा, एक ल्हान, पन तोंडावळा एकच. परातीपासून मी जितका लांब, भिंत त्याच्या जितकी पट लांब, माझ्या डोळ्याच्या उंचीची तितकी पट करा. झाली गढीची उंची. सूर्य नको, काय नको."

दौलतखाँनं वाकून पाहिलं. पाण्यात त्याची गढी उलटी उभी होती.

"मास्तर, इस दीवाल को आज तक गोल्यां नापे," तो म्हणाला. "पानी पैली बार नाप रा."

सगळे हसले. त्याची नवी सून जैबुन दिंडीच्या फटीतून बघत होती. मास्तरांनी तिला बोलावलं. ती आली नाही. पण सगळे जेवायला गेल्यावर ती आली आणि परातीवर वाकून बराच वेळ बसली. तुळजाबाईनं ते लांबून पाहिलं. "बघ बाई, बघ," ती ओरडली, "तुझं सासर हाय ते."

त्या दिवशी आलेला आकडा सगळे विसरले. तसंच शिकवलं होतं.

मग ते साल आलं. देश स्वतंत्र झाला आणि हैदराबाद झालं नाही. हत्यारबंद टोळ्या गावांतून फिरू लागल्या. ज्याच्याकडं बंदूक त्याचं राज्य, आणि ज्याच्याकडं नाही त्याची पोरगी, धान्य, म्हैस सगळं उघड्यावर. मंठ्याच्या बाजारात मास्तरांच्या दोराभोवती माणसं जमली होती तेव्हा एक टोळी घोड्यांवरून आली. जमिनीवर काढलेल्या त्रिकोणाकडं बोट करून त्यांतल्या एकानं विचारलं, "ये झंडा किसका है?"

"मुसल्लस है," मास्तर म्हणाले.

"बिना इजाजत का जलसा है ये."

"हिसाब का है."

त्यांनी मास्तरांचा उजवा हात त्याच त्रिकोणावर ठेवला आणि बंदुकीच्या दस्त्यानं बोटं ठेचली. एकेक करून, सावकाश. जमलेली माणसं पळाली नाहीत, कारण पळणाऱ्याला गोळी होती. त्यांना उभं राहून बघावं लागलं. भुजंग मास्तरांच्या भाषणाला एवढ्या शांततेत लोक कधी उभे राहिले नव्हते.

मस्तगडातली शाळा बंद पडली. मास्तर आणि त्यांची बायको गोजरबाई त्या गावात तुळजाबाईकडं राहायला आले. हाताला बोटं नावालाच राहिली होती. गोजरबाई त्यांना घास भरवायची आणि म्हणायची, "आवं, आता तरी सोडा ते त्रिकोन." ते डाव्या हातानं राखेत रेघा काढत बसत.

उन्हाळ्यात तीच टोळी की दुसरी, कोण जाणे, त्या गावावर आली. आधी गढीत उतरली. दौलतखाँनं त्यांना भाकरी दिल्या, घोड्यांना कडबा दिला. त्याचा धाकटा मुलगा त्यांनी दाराच्या कडीला बांधून ठेवला होता, हे गावानं पाहिलं नाही. गावानं गढीतल्या चुलीचा धूर पाहिला. मग टोळी बाहेर पडली आणि खळी पेटवली. तुळजाबाईचा रामकिसन, बाभळीच्या दिवशी तिच्या कडेवर होता तो, राखणीला खळ्यावर झोपला होता. कडब्याची गंज चारी बाजूंनी पेटली. त्याचा आवाज गावानं ऐकला, मग कडब्याचा ऐकला, मग कशाचाच नाही.

राख निवल्यावर जे सापडलं ते लुगड्याच्या ओच्यात मावलं. तिरडी लागली नाही. तुळजाबाई रडली नाही. मास्तरांकडं बघून तिनं विचारलं, "मास्तर, ह्याला कोनची रीत?"



भादव्यात भारताची फौज आली. टोळ्या चार दिवसांत मावळल्या. बंदुकी विहिरीत टाकल्या, घोडे सोडून दिले, माणसं कुठंकुठं गेली. जाणारे गेले. राहिले ते पिंजारी, आतार, एक आंधळा फकीर, त्यांच्या बायका, त्यांची पोरं. शेजारच्या गावात त्यांची घरं पेटल्याचं कळलं तशी इथली सगळी मुसलमान माणसं गढीत शिरली. दौलतखाँनं दरवाजा लावला आणि आतून गाडी, दगड, माती रचून तो बुजवला.

सकाळी गढीपुढं माणसं जमली. काही गावातली, बरीचशी बाहेरची. पुढारी कारभारी नावाचा, पलीकडच्या गावचा, त्याचा भाऊ टोळीनं झाडाला बांधून मारला होता. त्यांनी दरवाजा पेटवून पाहिला. सागवान, वर पावसानं भिजलेलं, ते नुसतं धुमसलं. मग एक शिडी लावली. ती आखूड पडली. वरच्या माणसाचे हात माथ्याला पोचेनात आणि तो चाचपडत असताना वरून दगड आला. खाली पडला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचं चेहरेपण राहिलं नव्हतं. दुसरी शिडी दोन शिड्या जोडून केली. ती माथ्याच्या वर निघाली. आतल्यांनी वर आलेली टोकं धरली आणि माणसांसकट ढकलून दिली. एकाची मान मोडली.

आता रागाला हिशोब आला. कारभारीनं गाड्यांची धुरं काढायला सांगितली. लाकूड एवढंच होतं. शिडी एकदाच होणार होती, आणि बरोबर व्हायला हवी होती. माथ्याच्या जरा खाली टेकणारी.

"त्या मास्तराला आना," कोणीतरी म्हणालं.

मास्तरांनी पहाटेच रखमाजी नावाच्या गड्याला घोड्यावर मंठ्याला पाठवलं होतं, फौजेची छावणी तिथं पडली होती. रखमाजी ट्रक घेऊन येईपर्यंत वेळ काढायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. आत माणसं होती. कल्हईची परात देणारा माणूस होता.

"किती हात, मास्तर?" कारभारीनं विचारलं. "तुमी म्हनं गढी मोजून ठिवलीय."

मास्तरांनी गढीकडं बघितलं. आयुष्यात त्यांनी कधी चूक उत्तर मुद्दाम दिलं नव्हतं.

"बारा हात," ते म्हणाले.

सुतारानं करवत उचलली. तेवढ्यात मागून तुळजाबाई पुढं आली. ती इतक्या महिन्यांत कोणाशी बोललेली नव्हती.

"बारा न्हाई ते," ती म्हणाली.

"बाराच हाय," मास्तर म्हणाले.

"आकडा मला याद न्हाई. पन तुमीच म्हनल्तं ना मास्तर, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. तुमच्याबी न्हाई." तिच्या आवाजात राग नव्हता. वर्गात उभी राहून धडा म्हणावा तसा आवाज होता. "पुंजाभाऊजी, काठी रोवा."

"आभाळ हाय," मास्तर म्हणाले. "सावली कुठाय?"

पुंजारामनं आभाळाकडं पाहिलं. कुठंच सावली नव्हती. क्षणभर मास्तरांना वाटलं, झालं, दुपार निघून जाईल. ढग त्यांच्या बाजूनं उभे होते.

"परात," तुळजाबाई म्हणाली. "माझ्या घरची पितळी आना कोनी. पानी घाला."

परात आली. गढीपासून तीस हात मोजून पुंजारामनं ती ठेवली. वरून दगड येत होते, म्हणून चौघांनी एक बाज त्याच्या डोक्यावर धरली. दगड बाजेवर आपटून सुंभ तुटत होतं. एक दगड परातीत पडला, पाणी हललं आणि सगळा जमाव पाणी निवळायची वाट बघत उभा राहिला. वरून दौलतखाँनं वाकून पाहिलं. परात त्यानं ओळखली. ती त्याची नव्हती, तरी ओळखली.

"मास्तर," तो वरून म्हणाला. ओरडला नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं. "आज भी पानीच नाप रा क्या?"

मास्तर धावले. त्यांनी परातीला लाथ घातली. पाणी चिखलात गेलं. लोकांनी त्यांना बाजूला लोटलं, परात पुन्हा भरली. पुंजाराम मागं सरकत सरकत पाण्यात डोळे रोवून उभा राहिला. "दिसला माथा," तो म्हणाला. तुळजाबाई दोर घेऊन वाकली. परातीपासून पुंजारामच्या पायापर्यंत सहा हात भरले.

"तीसला सहा. पाच पट," पुंजाराम म्हणाला. "माझा डोळा सव्वातीन हातावर."

तो पाच त्रिक म्हणायला तोंड उघडतो तोच मास्तरांनी त्याच्या जवळची काठी डाव्या हातात घेतली आणि त्याच्या कानावर मारली. सगळ्या अंगाचा जोर लावून. पुंजाराम गुडघ्यावर आला. कानातून रक्त आलं, मानेवरून त्या जुन्या जखमेच्या वणावर उतरलं. मास्तरांनी दुसरा वार केला, तिसरा केला. गुरासारखं मारत होते. ते काय म्हणत होते ते नंतर कोणाला नीट सांगता आलं नाही. कोणी म्हणतं, नको म्हणत होते. कोणी म्हणतं, चूक, चूक असं म्हणत होते.

पुंजारामनं हात वर केला नाही. तो नुसता बघत राहिला. त्याला मास्तरांनी मारणं हे त्या दिवसातलं सगळ्यांत न कळणारं होतं.

त्यांना ओढून नेलं आणि त्यांच्याच दोरानं गाडीच्या चाकाला बांधलं. पुंजाराम बोलण्याच्या स्थितीत नव्हता. कारभारी म्हणाला, "आता कोन सांगनार?"

"त्यात काय," तुळजाबाई म्हणाली. तिच्या मागं उभ्या असलेल्या आणखी तिघाचौघांचे ओठ हलत होते. गावाला येत होतं. इतकी वर्षं सगळ्या गावाला शिकवलं होतं. "पाच त्रिक पंधरा. पाचाची पावकी सव्वा. सव्वासोळा हात." तिनं सुताराकडं पाहिलं. "तिरपी टेकली की माथ्याच्या वीतभर खाली राह्यली पायजे."

कोणी घाबरत नव्हतं. मास्तर चाकाला बांधलेले ते बघत होते. म्हातारीकोतारीसुद्धा उत्तर बरोबर की काय ते एकमेकांना विचारत होती, आपापल्या बोटांवर पडताळून बघत होती. भीती गेली होती.

शिडी दुपारी झाली. भिंतीला टेकली तेव्हा माथ्याच्या बरोबर वीतभर खाली टेकली. वरच्यांना टोक धरता आलं नाही, आणि चढणाऱ्यांचे हात पोचले. दौलतखाँ माथ्यावर उभा होता. त्याच्या हातात पाटा होता. तो त्यानं पहिल्या माणसावर टाकला, मग हात रिकामे राहिले. त्याला त्यांनी वरूनच खाली टाकला. तो भिंतीच्या पायथ्याशी, परातीच्या रेषेत पडला. त्यानंतर आत जे झालं ते आतच झालं. बाहेर फक्त आवाज येत होते आणि गढीच्या विहिरीत काहीतरी जड पडल्याचे आवाज, एकामागून एक. मास्तरांनी उजवा कान खांद्यावर दाबून धरला. डावा आधीच गेला होता. तरी ऐकू येत राहिलं.

ओढ्याला पूर होता. रखमाजी फौजेचा ट्रक घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. रात्री पाऊस पडून गेला होता. बाहेरची माणसं निघून गेली होती. गावातली घरात दारं लावून बसली होती. शिपायांनी मास्तरांना सोडलं. दरवाजा आतून बुजवलेला तो उघडेना. आत कोणीतरी जिवंत होतं. मूल रडत होतं.

शिडी तशीच उभी होती. शिपाई तिच्यावरून आत गेले. मास्तर तिच्या बुडाशी जाऊन उभे राहिले आणि मोडक्या हातानं, चांगल्या हातानं, जसं जमेल तसं त्यांनी तिचे दोन्ही पाय धरले. थोड्या वेळानं पलीकडून पुंजाराम आला. कानाला फडकं बांधलेलं होतं.  त्यानं शिडीची दुसरी बाजू धरली.

वरून एक म्हातारी उतरली. दोन पोरं उतरली. आंधळ्या फकिराला शिपायानं खांद्यावर आणलं. शेवटी जैबुन आली, पोटाशी मूल बांधलेलं. ती रात्रभर कडब्याखाली लपली होती. एकेक पायरी चाचपत ती खाली आली, आणि जमिनीवर पाय टेकल्यावर तिनं मास्तरांकडं पाहिलं.

"तुमीच सिकाए ना ये?" तिनं विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले.

तिनं मान हलवली, उत्तर बरोबर आहे म्हणून हलवावी तशी. मग ती इकडंतिकडं बघू लागली. मूल ओठ चाटत होतं. तीस हातांवर तुळजाबाईची परात तशीच पडली होती, रात्रीच्या पावसानं काठोकाठ भरलेली. जैबुन तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. पाण्यात गढीचा माथा होता, आणि माथ्याखाली शिडी. तिनं थोडा वेळ त्यात बघितलं. मग ओंजळ घालून ते मोडलं आणि मुलाच्या तोंडाला लावलं.